पत्राएवढी जागा

व्यवस्थापनशास्त्राच्या शोधपत्रिकेचा अंक हाती आला की मी आधी त्यातली ती पाने शोधते, जिथे लिहिणारे माणूस स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या आवाजात बोलत असते. अनुक्रमणिकेत ही पाने कडेला असतात. कुठे त्यांना दृष्टिकोन म्हणतात, कुठे संवाद, कुठे टिपण, कुठे नुसताच निबंध. त्यांत गृहीतकांची उतरंड नसते, तक्ते नसतात, आधीच्या संशोधनाचा लांबलचक आढावा नसतो. कोणीतरी बरीच वर्षे एखादी गोष्ट जवळून पाहिलेली असते, ती मनात मुरलेली असते, आणि आता ते माणूस म्हणत असते की मला हे असे दिसते, तुम्हीही पाहा. बाकीचा अंक मला लागतोच. वर्गात उभे राहायचे तर आकडे आणि पद्धत यांवाचून चालत नाही. पण यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवताना सोबत वाटते ती या पानांची.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने १९७६ साली ‘विकल्प’ हे त्रैमासिक सुरू केले. त्यात संशोधनलेखांच्या बरोबरीने ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ आहे. शिकवणारे आणि प्रत्यक्ष कारभार हाकणारे यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून ‘इंटरफेसेस’ आहे. एकाच प्रश्नावर अनेकांनी मत द्यायचे ‘कलोक्वियम’ आहे. मला सर्वांत भावले ते ‘डायग्नोसेस’. एखाद्या संस्थेची अडचण केस म्हणून मांडायची आणि तिचे निदान वेगवेगळ्यांनी आपापल्या परीने करायचे. ही निदाने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तीच त्यांची गोडी. एकाला दुखणे पैशाचे वाटते, दुसऱ्याला माणसांचे, तिसऱ्याला वेळेचे. वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की अडचण एकच होती, पण प्रत्येकाने ती आपल्या आयुष्यातून वाचली. परदेशी पत्रिकांतही अशा जागा राखलेल्या आहेत. १९९२ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ मॅनेजमेंट इन्क्वायरी’ने निबंधांना आणि चाकोरीबाहेरच्या लेखनाला मुद्दाम घर दिले. ‘ऑर्गनायझेशन’मध्ये ‘स्पीकिंग आउट’ नावाचे सदर आहे. संपादक अशी जागा राखतो तेव्हा तो फार मोठी गोष्ट करतो असे मला वाटते. सिद्ध होण्याआधीच्या ज्ञानालाही तो बसायला पाट देतो.

मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ काही व्यवस्थापनाचे नव्हे, पण मत कसे मांडावे हे आमच्यासारख्या अनेक शिक्षकांना त्यानेच शिकवले. सचिन चौधरींनी १९४९ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’ म्हणून सुरू केलेले हे साप्ताहिक १९६६ पासून आजच्या नावाने निघते. कृष्णराज यांनी १९६९ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत ते सांभाळले. तिथे जड संशोधनाच्या शेजारी वाचकांची पत्रे असत, ताज्या घडामोडींवरची टिपणे असत, आणि पश्चिम बंगालचे अर्थमंत्री राहिलेले अशोक मित्र नुसत्या ‘ए. एम.’ या आद्याक्षरांनी ‘कलकत्ता डायरी’ लिहीत. अर्थशास्त्र इतके घरगुती, इतके संतप्त आणि इतके हळवे होऊ शकते हे त्या डायरीने मला दाखवले.

यवतमाळ या पत्रिकांमध्ये येते ते बहुधा पाहणीसाठी निवडलेला जिल्हा म्हणून. २००५ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाला दिला. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’मध्ये बी. बी. मोहंती यांचा अमरावती आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांवरचा अभ्यास आला. २००६ च्या एप्रिलमध्ये श्रीजित मिश्र यांचा लेख ‘वीकली’त आला. त्या लेखनाने दिल्ली-मुंबईच्या टेबलांवर आमच्या जिल्ह्याचे नाव नेले. जुलै २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले, त्यामागे अशा अभ्यासांनी तयार केलेली जागही होती. हे ऋण मी मानते. तरीही ते लेख वाचताना एक हुरहुर राहते. आमचा कास्तकार त्यांत उत्तरदाता म्हणून भेटतो. त्याला प्रश्न विचारले जातात, त्याची जमीन, कर्ज आणि कुटुंब रकान्यांत भरले जाते. त्याला त्या साऱ्याचे काय वाटते, त्याच्या मते कुठे काय फसले आणि कुठली कळ फिरवली असती तर गाडे पुढे गेले असते, यासाठी रकाना नसतो. आणि कारभाराविषयीचे खरे मत तर तेच असते.

मी हे इतक्या खात्रीने म्हणते, कारण माझे वडील कापसाचे ग्रेडर होते.

१९७२ साली राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. खासगी व्यापाऱ्याने कापूस घ्यायचा नाही, सगळा कापूस सरकारी यंत्रणेने हमीभावाने घ्यायचा. लक्षावधी कास्तकार विकणारे आणि घेणारा एकटा, असा व्यवस्थापनाचा एवढा मोठा आणि एवढा लांबलेला प्रयोग आमच्या भागात दुसरा झालेला नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत भाव चढला की रातोरात कापूस नदी ओलांडून जाई, आणि इकडे खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा मैल-मैल लागत. त्या रांगेच्या तोंडाशी एक माणूस उभा असे. बाबा.

बंडी काट्याजवळ आली की बाबा वरच्या कापसाकडे बघतही नसत. वर सगळेच चांगले वेचलेले ठेवतात. ते बाही सारून हात कोपरापर्यंत ढिगात घालत आणि आतला मूठभर कापूस बाहेर काढत. मूठ आवळून सोडत. कोरडा कापूस लगेच फुलून येतो, ओला तसाच दबलेला राहतो. मग त्यातली एक सरकी दाताखाली धरत. वाळलेली सरकी कट्‌कन फुटते, ओली नुसतीच दबते. मग दोन अंगठ्यांच्या मधे रुईचा पुंजका धरून हळूहळू ओढत आणि तंतू कुठे तुटतो ते उजेडाकडे धरून बघत. पाला किती, पिवळेपण किती, कवडी किती. हे सगळे अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटात एका घराच्या वर्षाचा हिशेब ठरे, आणि कास्तकार बाबांच्या हाताकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभा असे.

यातले एक मला त्यांनी पुष्कळ उशिरा सांगितले. संध्याकाळ झाली की केंद्रावर पिवळे दिवे लागत, आणि त्या उजेडात पांढराशुभ्र कापूसही पिवळसर दिसे. दिवसभर रांगेत ताटकळून ज्याची पाळी दिवेलागणीला आली, त्याची प्रत एका पायरीने खाली जाण्याची भीती. बाबांनी ठरवून टाकले की दिवे लागल्यावर प्रत ठरवायची नाही, बंडी सकाळपर्यंत थांबवायची. पण थांबवायची म्हणजे थंडीत उघड्यावर रात्र काढायची, बैलांना चारा लागणार, घरी वाट पाहणार, शिवाय दव पडून कापूस ओलावणार. लोक शिव्या देत. वरिष्ठ रोजची आवक का घटली म्हणून विचारत. बाबा म्हणायचे, दिव्याखाली दिलेला निकाल माझ्या हातून सही होत नाही.

एवढ्या एका गोष्टीत व्यवस्थापनाचे अख्खे सत्र सामावलेले आहे. तपासणी कुठे करावी, कोणत्या उजेडात करावी, रांगेचा खर्च कोणी सोसावा, न्याय आणि वेग यांत तिढा पडला तर अधिकार कोणाच्या हाती द्यावा. योजनेवरच्या लेखांत मी खरेदीचे क्विंटल वाचले, हमीभावाचे आकडे वाचले, तोट्याच्या रकमा वाचल्या. दिवा कुठे नव्हता. तो तिथे येणार तरी कसा? दिव्याचा नमुना-आकार एक. बाबांच्या अनुभवावर मी एक टिपण लिहून एका पत्रिकेकडे पाठवले, तेव्हा उत्तर आले की निरीक्षण रोचक आहे, परंतु सिद्धांतात भर कोणती? त्या पत्रिकेचा मी राग धरत नाही. तिच्या चौकटीत तोच प्रश्न विचारला जातो. पण दुःख झाले, ते अजून आहे. बाबांच्या बरोबरीचे ग्रेडर, सोसायट्यांचे गटसचिव, जिनातले रेचे चालवणारे फिटर एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दिवेही.

शिक्षकांच्या खोलीत बसले की असे अनुभव लिहिले का जात नाहीत, याचे कारण कानावर पडत आले आहे. पेपर टाकला का? कुठे टाकला? केअर लिस्टेड आहे ना? कॅसच्या बढतीला किती पॉइंट होतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआयचे, म्हणजे कामगिरी निर्देशांकाचे, कोष्टक आणले आणि शिक्षकाच्या लेखणीला गुण लागू झाले. खोट्या पत्रिकांचे पीक माजले म्हणून २०१९ मध्ये पुण्याहून मान्य पत्रिकांची ‘केअर’ यादी निघाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही मागे घेतली गेली आणि पत्रिकेची पारख पुन्हा संस्थांवर सोपवली गेली. या सगळ्या घडामोडींत एक गोष्ट तशीच राहिली: संपादकाला लिहिलेल्या पत्राला, अनुभवावरच्या टिपणाला, सरळ मांडलेल्या मताला कोष्टकात जागा नाही. मग चांगली डोळस माणसे काय करतात? शंभर प्रश्नावल्या वाटतात, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच घरांत खुणा करून घेतात, टक्केवारी काढतात आणि आधीपासून ठाऊक असलेले शेवटी ‘निष्कर्ष’ म्हणून लिहितात. त्यांना खरे जे सांगायचे असते, ते चहाच्या टपरीवर सांगून होते आणि हवेत विरते.

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे मात्र नाही. डोनाल्ड हॅम्ब्रिक हे या क्षेत्रातले मोठे नाव. त्यांनी २००७ साली ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये लिहिले की व्यवस्थापनाच्या विद्येला सिद्धांताचा नको इतका ध्यास लागला आहे, आणि त्यापायी नुसती महत्त्वाची वस्तुस्थिती सांगणारे लेखन पत्रिकांच्या दारातूनच परत जाते. हे त्यांनी मतलेखातच लिहिले. दुसरीकडे कुठे लिहिणार?

आणि सुमंत्र घोषाल. त्यांच्यावर मला जरा थांबायचे आहे.

घोषाल कलकत्त्याचे. इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली, मग अमेरिकेत जाऊन एमआयटी आणि हार्वर्ड अशा दोन ठिकाणच्या डॉक्टरेट मिळवल्या, फ्रान्समध्ये आणि लंडनमध्ये शिकवले, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या उभारणीत ते पहिले अधिष्ठाता होते. संशोधनलेखांचा त्यांच्याकडे डोंगर होता. मार्च २००४ मध्ये ते अकाली गेले, आणि पुढच्या वर्षी ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट लर्निंग अँड एज्युकेशन’मध्ये त्यांचा एक निबंध आला: व्यवस्थापनाचे वाईट सिद्धांत व्यवस्थापनाच्या चांगल्या रीती कशा मोडून टाकत आहेत, याविषयी. त्यात ना पाहणी, ना नमुना. एका शिक्षकाने आपल्याच शाळेला, एन्रॉनसारखे कंपन्यांचे घोटाळे ताजे असताना, विचारलेला प्रश्न: ही माणसे आपल्याच वर्गांतून गेली ना?

त्यांचे म्हणणे असे, की पदार्थविज्ञानातला सिद्धांत चुकला म्हणून अणू आपले वागणे बदलत नाही. समाजाविषयीच्या सिद्धांताचे तसे नाही. माणूस मुळात स्वार्थी, संधी मिळताच फसवणारा, म्हणून त्याच्यावर पहारा हवा, असे पिढ्यानपिढ्या शिकवले की शिकून गेलेला व्यवस्थापक पहारे बसवतो. आणि सतत पहाऱ्याखाली ठेवलेला माणूस हळूहळू खरोखरच तसा होत जातो. चुकीचा सिद्धांत स्वतःला खरा करून घेतो. हा निबंध वाचला तेव्हा मला कापूस खरेदीच्या कागदांची चळत दिसली. सातबारा, पीकपेरा, आधार, बँकेचे पासबुक, आणि २०२५ पासून भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी. प्रत्येक कागदामागे एक संशय आहे, की कास्तकाराच्या नावावर व्यापारीच माल घालत असेल. संशय निराधार नाही. तसे घडतही आले आहे. पण कास्तकार त्या प्रत्येक टेबलावर आधी संशयित असतो आणि मग विकणारा होतो. त्याच्याही मनात काट्याबद्दल, ओलाव्याच्या यंत्राबद्दल, ग्रेडरच्या हाताबद्दल तेवढाच संशय साठत जातो. घोषाल यांना यवतमाळचा काटा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निबंध मात्र थेट त्या काट्यापर्यंत पोहोचला. त्यांच्या बाकीच्या लेखांतले तक्ते मी विद्यार्थ्यांना शिकवते. हा निबंध मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, वाक्यावाक्याला थांबून, मराठीत सांगत.

एखाद्या पत्राएवढ्या जागेत काय मावते, हे वैद्यकाच्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळले आहे. डिसेंबर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे एक छोटे पत्र ‘लॅन्सेट’ने छापले. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत व्यंगे दिसत आहेत, तुमच्यापैकी कोणाला असे आढळले आहे का? इतकेच. सिद्ध काही केलेले नव्हते. पाहिलेले सांगितले होते आणि इतरांना विचारले होते. त्या काही ओळींचे मोल आज जगाला ठाऊक आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडोंवर उपचार झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता; हवा दमट होती; बॅटरीवरचे पंप आले होते, त्यांचा फवारा जोराचा. चौकशी बसली, कीटकनाशकांची नावे चर्चेत आली, कायद्याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण याच घटनेत विक्रीव्यवस्थेचा एक मोठा धडा उघड्यावर पडला होता. कोणते औषध कशात मिसळायचे हा सल्ला कास्तकाराला बहुतेक वेळा कृषी केंद्राच्या काउंटरवर मिळतो. तिथे त्याची उधारी असते. उधारी असलेला माणूस दुकान बदलत नाही आणि फार प्रश्नही विचारत नाही. औषध घेणारा एक, फवारणारा दुसरा, तो मजुरीवर आलेला. डब्यावरचा बारीक अक्षरांतला इशारा ज्याच्यासाठी छापला, त्याच्या हातात डबा येतो तेव्हा तो उघडलेला असतो, औषध बादलीत असते. वितरणसाखळी, उधारी, ग्राहक कोण आणि वापरणारा कोण: हे आम्ही रोज फळ्यावर लिहितो. जुलै महिन्यातच एखाद्या वाणिज्याच्या शिक्षकाने दहा ओळींत हे कुठे विचारले असते, की तुमच्याकडेही असेच चालते का, तर? दहा ओळींनी सगळे वाचले असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या दहा ओळी लिहिण्याची सवय आणि छापण्याची जागा, दोन्ही आपल्या विद्येत नव्हत्या, याचा सल मनातून जात नाही.

मत मोकळे सोडले की बडबड माजते, मोठ्या नावाच्या माणसाला काहीही लिहायला पान मिळते आणि छोट्याला नाही, हा आक्षेप खरा आहे. असे पोकळ लेख मी भरपूर वाचले आहेत. त्यावर उपाय मला एकच दिसतो: लिहिणाऱ्याने आपण कुठे उभे राहून पाहिले ते सांगावे, काय पाहिले ते नेमके सांगावे, आणि समोरच्याच्या उत्तराला त्याच अंकात किंवा पुढच्या अंकात जागा असावी.

तशी ही रीत आपल्या भागाला परकी नाही. अकोल्याच्या शाळेत शिकून गेलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. शंभरेक वर्षांनी, १९९० मध्ये, अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या दि. य. देशपांड्यांनी नागपुरातून ‘नवा सुधारक’ सुरू केला, तो पुढे ‘आजचा सुधारक’ झाला. लेखकाच्या पदवीपेक्षा त्याच्या युक्तिवादाकडे पाहणारे ते मासिक होते, आणि त्यातला पत्रव्यवहार मी लेखांच्या आधी वाचत असे. वणीत जन्मलेल्या बापूजी अण्यांनी १९१८ साली यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करू लागले आणि स्वतःच्या वावराच्या जमाखर्चातून त्यांचे अर्थशास्त्र उभे राहिले. त्यांची सगळी मते मला पटली नाहीत. मात्र उत्पादनखर्चाचा मुद्दा त्यांनी जसा खेड्यातल्या माणसाच्या तोंडी दिला, तसा तो कुठल्याही शोधपत्रिकेने दिला नाही. आपल्याकडे मत होते, मत मांडणारे होते. व्यवस्थापन शिकवणाऱ्या आम्हा लोकांनी मात्र आपली पत्रिका निराळी मानली, आणि तिथे पाय ठेवताना आपले गाव उंबऱ्याबाहेर ठेवले.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून महाराष्ट्रभर संताप झाला, आणि उद्घाटनाला उभ्या राहिल्या याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. निमंत्रण मागे घेणे मला तेव्हाही लाजिरवाणे वाटले, आजही वाटते. पण त्या व्यासपीठावर त्या बाई बोलल्या, ते मी विसरू शकत नाही. अभ्यासांमध्ये ज्या ‘पश्चात कुटुंब’ या रकान्यात सापडतात, त्या तिथे पतीमागे उरलेल्या बाईला घर, शेत, कर्ज आणि माणसे यांचा कारभार कसा करावा लागतो, याविषयी स्वतःचे मत घेऊन उभ्या होत्या. सगळा मंडप कान देऊन ऐकत होता. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक प्रश्न बसला आहे: हे भाषण ‘विकल्प’च्या ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’मध्ये का येऊ नये? त्यात कारभार नव्हता का?

या हंगामात मी एम. कॉम.च्या मुलांना प्रकल्पाआधी दोन पाने मत लिहायला सांगितले. मराठीत, पहिल्या पुरुषात, प्रश्नावलीशिवाय. आधी ती बिचकली. सर्वेक्षण केल्याशिवाय कसे लिहायचे, मॅडम? मग एका मुलीने लिहून आणले. तिच्या वडिलांचा कापूस. ॲपवर नोंदणी चुलतभावाने करून दिली, तारीख मिळाली, भाड्याची गाडी करून माल केंद्रावर नेला. यंत्राने ओलावा बारा टक्क्यांच्या वर दाखवला आणि माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण गाडीचे भाडे पुन्हा भरण्यापेक्षा वडिलांनी फाटकाबाहेरच्या व्यापाऱ्याला कितीतरी कमी भावात देऊन टाकला. इथवर ही तक्रार आहे, आणि अशा तक्रारी गावोगावी ऐकू येतात. पुढचा परिच्छेद वेगळा होता. तिने लिहिले की ओलावा मोजण्याचे यंत्र साखळीच्या अगदी शेवटी ठेवले आहे, जिथे पोहोचेपर्यंत भाड्याचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि त्या खर्चामुळेच माणूस पडेल भावात विकतो. तेच यंत्र ग्रामपंचायतीत ठेवले असते तर तिच्या वडिलांनी माल आणखी दोन दिवस अंगणात वाळवला असता.

मी ते वर्गात वाचले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील खेडा खरेदी करतात, म्हणजे गावात जाऊन दारातच कापूस घेतात. त्याने दुसऱ्या दिवशी दोन पानांचे उत्तर आणले: गावात संध्याकाळी मोजलेला ओलावा सकाळी केंद्रावर तोच राहील कशावरून? कापूस रात्रभर हवेतला दमटपणा ओढतो, गाडी उघडी असते. गावचा आकडा केंद्र मानणार नसेल तर यंत्राचा उपयोग व्यापाऱ्यालाच जास्त, तो दारातच भाव पाडेल. आकड्याची जबाबदारी कोण घेणार ते आधी ठरवा, असे त्याने शेवटी लिहिले होते. मला बाबांची थांबवून ठेवलेली बंडी आठवली आणि ती गोष्ट मी दोघांना सांगितली.

ती मुलगी आता ओळखीच्या जिनातून मॉइश्चर मीटर उसने घेऊन एकाच गाडीतला कापूस संध्याकाळी गावात आणि सकाळी केंद्राच्या दारात मोजते आहे. मुलगा तिच्याबरोबर जातो, कारण त्याला तिच्या आकड्यांवर भरवसा नाही आणि तिला त्याच्या वडिलांवर नाही. तिची दोन पाने, त्याचे उत्तर आणि तिचे प्रत्युत्तर एकत्र एका पत्रिकेकडे पाठवायचे आम्ही ठरवले आहे. तिने विचारले, आकडे त्याच्या बाजूने निघाले तर आधीचे मत खोडू का? मी सांगितले, खोडू नकोस. ते तसेच राहू दे आणि त्याखाली लिही, कोणत्या सकाळी आणि कशामुळे बदलले ते.